नळ आला, ही बातमी

आमच्या गावातून धरण दिसतं. शाळेच्या पायरीवर उभं राहिलं की खाली, सागाच्या झाडांपलीकडे, पाण्याची निळी पट्टी दिसते. शहापूरकडून कुणी पाहुणा आला की तो हमखास तिथे उभा राहतो आणि म्हणतो, काय नशीबवान आहात तुम्ही लोक.  आमचा म्हातारा, म्हणजे माझे वडील, त्याला उत्तर देतो. "बघायला फुकट हाय," तो म्हणतो.

ते पाणी मुंबईचं. धरण आमच्या डोक्यावर बांधलं नाही, आमच्या पायाशी बांधलं, आणि पाणी खाली असलं की ते आपल्याकडे चढून येत नाही एवढं शास्त्र आमच्या गावात शेंबड्या पोराला कळतं. आमच्यासाठी होती एक विहीर, जी होळीपर्यंत साथ द्यायची, आणि शाळेजवळचा एक हातपंप.

लग्नानंतर वर्षभरात मी घरात टीव्ही आणला. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी वाशिंदला कारखान्यात कामाला होतो, पाळी संपवून संध्याकाळी घरी यायचो, आणि जेवणाआधी आम्ही बातम्या लावायचो. मे संपत आला की बातम्यांत एक ठरलेलं वाक्य असायचं: मुंबईला पाणीपुरवठा करणाऱ्या तलावांत आता अमुक दिवस पुरेल इतकाच साठा शिल्लक. मुंबईकरांनी पाणी जपून वापरावं. निवेदिकेचा चेहरा असा उतरलेला असायचा, की घरातलं कुणी आजारी असावं.

म्हातारा एकदा हातातला घास खाली ठेवून म्हणाला, "आनि आपला किती दिसांचा हाय, ता नाय सांगत ती?"

माझी बायको आतून म्हणाली, "आपला उद्या सकाळपत्तुरचा. कळशीभर."

ती टोकावड्याकडची. तिच्या माहेरी परसात विहीर, बारमाही पाणी, उन्हाळ्यात भाजीचे वाफे. लग्न ठरलं तेव्हा तिच्या बापाने मला विचारलं होतं, तुमच्याकडं पान्याचं कसं काय? तेव्हा माझ्या चुलत्याने धरणाकडे बोट दाखवलं होतं. खोटं तो काहीच बोलला नव्हता.

आमच्या गावात एक रीत आहे. होळी पेटली की सुना माहेरी जातात. नव्या सुना पहिल्या वर्षी माहेरी जातात ते सगळीकडेच, त्यात हौस असते. आमच्याकडे जुन्याही जातात, आणि त्यांना सासूसासरे स्वतः एसटीत बसवून देतात. घरातलं एक माणूस कमी झालं की तेवढे हंडे कमी लागतात. ज्यांच्या माहेरी पाणी आहे त्या पेरणीला परततात. ज्यांच्या माहेरीही आमच्यासारखीच बोंब, त्या बिचाऱ्या राहतात आणि बाकीच्यांच्या नावाने बोटं मोडतात. उन्हाळ्यात आमचं गाव म्हणजे पुरुषांची आणि म्हाताऱ्यांची छावणी असते. मी सुट्टीच्या दिवशी मुरबाडमार्गे टोकावड्याला जायचो, बायकोला भेटायचो, आणि तिच्या परसात दोन बादल्यांनी आंघोळ करायचो. सासूला वाटायचं जावई बायकोसाठी येतो. अर्धं खरं होतं.

मला बातमीवर बोलल्याशिवाय राहवत नाही, हा माझा स्वभाव. कारखान्याच्या कँटीनमध्ये पेपर यायचा, तो मी आधी धरायचो. त्याच सुमारास सरकारने जाहीर केलं होतं की थोड्याच वर्षांत राज्यातल्या एकाही गावाला टँकर लागणार नाही. मी कँटीनमध्ये ती बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणालो, आमच्या गावाला तर आत्ताच लागत नाही, कारण तो येतच नाही. माणसं हसली. मीही हसलो. तेव्हा अजून हसू यायचं.

टँकर का येत नव्हता, तर नियम होता. गावात चालू पंप असेल तर टँकर नाही. एका वैशाखात तालुक्याहून एक साहेब पाहणीला आला. त्याने शाळेजवळचा हातपंप मारला. बराच वेळ नुसती हवा आली, मग पंपाने खोकल्यासारखं करून तांबडं, गंजाचं पाणी ओकलं. साहेब रुमालाने हात पुसत म्हणाला, "चालू आहे." आणि गेला.

त्या संध्याकाळी देवळात गाव जमलं. पंप बंद पडला पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. इतकं एकमत आमच्या गावात कधी होत नाही. पालखी कुठल्या बाजूने न्यायची यावर डोकी फुटली आहेत. कुणी म्हणालं, दांडा काढून ठेवू. कुणी म्हणालं, दांडा काढला तर ते नवा बसवतील आणि पुन्हा चालू म्हणतील. मग शहाण्यांनी तोड काढली: पाइपातच दगड टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकलेही. आपण सरकारला बनवलं याचा आनंद अख्ख्या गावाच्या तोंडावर होता. माझ्या बायकोच्या नव्हता. ती त्या वर्षी अजून माहेरी गेली नव्हती, म्हाताऱ्याला ताप होता म्हणून थांबली होती. ती मला म्हणाली, "तांबडा का असंना, पानी व्हता तो. गाळून भांडी तरी घासत व्हतो आमी."

पंप बंद झाल्याचं सांगायला माणसं तालुक्याला गेली. साहेबाने नकाशा काढला. पंप बंद असला तरी गावापासून इतक्या अंतरात पाण्याचा दुसरा साठा असेल तर टँकर देता येत नाही, असा पुढचा नियम निघाला. दुसरा साठा कुठला? साहेबाने नकाशावरच्या निळ्या रंगावर पेन टेकवलं. धरण.

त्या नियमाचा माझा राग आजही गेलेला नाही. नियम करणाऱ्या माणसाने घरात बसून पट्टीने अंतर मोजलं असणार. मधे उतार आहे, तारेचं कुंपण आहे, आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की गुडघाभर चिखलाचा पट्टा आहे, हे पट्टीवर दिसत नाही. काठावर एक पहारेकरी असायचा. माणूस भला होता; बायका हंडे घेऊन आल्या की तो पाठ करून बिडी ओढत उभा राहायचा. पण चिखल कुणाला पाहून पाठ फिरवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बायकोला दिवस गेलेले होते. पहिलटकरीण. सातवा लागला की ओटी भरूनच तिला माहेरी न्यायचं ठरलं होतं, म्हणून होळीला ती गेली नव्हती. तोवर घरात पाणी कुणी आणायचं? विहीर तळाला गेली होती, पंपात आम्हीच दगड भरले होते. मी पहाटे एक खेप करून कामाला जायचो. ती खेप म्हातारा, आम्ही दोघं आणि दारची म्हैस यांना पुरायची नाही. मी तिला जाऊ नको म्हणून बजावलं होतं. पण न जाऊन ती काय करणार होती? एके दिवशी कुंपणाखालून वाकून ती बाकीच्या बायकांबरोबर खाली उतरली, आणि वर येताना चिखलात पाय गेला. डोक्यावरचा हंडा तिने सोडला नाही. सोडला असता तर सावरली असती, असं बरोबरच्या बायका म्हणाल्या. शहापूरला नेईपर्यंत पोटातलं सगळं संपलं होतं.

त्या रात्री टीव्ही कुणी लावला नाही. त्यानंतर आमच्या घरात तलावांची बातमी लागली की म्हातारा उठून बंद करायचा.

ती माहेरी गेली आणि त्या वर्षी पेरणीला आली नाही. लावणीलाही नाही. गणपतीत मी आणायला गेलो तेव्हा आली. ओट्यावर बसून तिने मला सांगितलं, आवाज न चढवता, "मी भांडून नाय जात. मना तुमचा राग नाय. पन आता पोटात पोर असताना मी त्या गावाला पानी भरनार नाय. नळ आला की सांगा. मंग कवाच जानार नाय म्हायेरी."

मी म्हणालो, "येईल गो नळ."

ते मी कशाच्या जोरावर म्हणालो? पेपरच्या. दुसरं माझ्याकडे होतं काय?

पुढची दहाएक वर्षं मी बातम्या वाचल्या त्या अशा, की जणू प्रत्येक बातमीत माझ्या घराचा पत्ता असायला हवा. आणि तो कधीच नसायचा. देशातल्या सगळ्या नद्या एकमेकींना जोडणार, अशी बातमी आली. कँटीनमध्ये मोठी चर्चा झाली, कुणी नकाशा काढून दाखवला, हिमालयाचं पाणी पार दक्षिणेत कसं जाईल ते. मी म्हणालो, आधी खालचं धरण आणि माझ्या घरचं मडकं जोडून दाखवा, नद्यांचं नंतर बघू. मग एका दुष्काळी वर्षी विमानातून ढगांवर कसलीशी पूड फवारून पाऊस पाडणार असल्याचं छापून आलं, विमानाच्या फोटोसकट. माझं डोकं फिरलं. आमच्याकडे पाऊस कमी पडतो असं कुणी सांगितलं? श्रावणात आमच्याकडे चूल पेटत नाही, कपडे अंगावर वाळवावे लागतात, ओढे रस्ते खाऊन टाकतात. एवढं पाणी डोळ्यांदेखत धावत जातं आणि होळीला आम्ही चिखल चाळतो. पाडायला शास्त्रज्ञ आहेत, अडवायला कुणी नाही. कल्याणचा एक सहकारी म्हणाला, "तू पेपर वाचू नको यार, तुला फुकटचा बीपी होईल." त्याच्या घरी नळ होता. त्याला बीपी कशाला होईल?

मधल्या काळात आम्हाला मुलगी झाली, टोकावड्यालाच. चार महिन्यांची झाल्यावर ती गावी आली, आणि पुढच्या होळीला आईबरोबर गेली. पहिली काही वर्षं असं होळीला जाणं आणि पावसात येणं चाललं. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा बायको म्हणाली, पोरीने अर्धं वर्ष इथे आणि अर्धं तिथे शिकायचं का?  मुलीचं नाव टोकावड्याच्या शाळेत घातलं गेलं. आता त्या दोघी दिवाळीला आणि मेच्या सुट्टीत... नाही, मेच्या सुट्टीत तर कुणीच येत नाही आमच्या गावात. दिवाळीला यायच्या.

मी का नाही तिकडे गेलो? लोक विचारायचे, मीही विचारायचो. म्हातारा गाव सोडायला तयार नव्हता, आणि त्याला एकटं टाकून सासुरवाडीला राहायला जाणं माझ्याच्याने झालं नाही. म्हातारा आणि मी, दोन पुरुष, एका घरात. भाकरी मी करायचो. तो नावं ठेवत खायचा.

मग गावात मोबाइलचा टॉवर आला. कुणी मागितला नव्हता. टेकडीवर एका उन्हाळ्यात लोखंड उभं राहिलं, आणि ज्या गावात पाण्याची सोय नाही तिथे रेंज फुल झाली. सरकार म्हणा, कंपन्या म्हणा, ज्यांना हवा ओलांडून आवाज आणता येतो त्यांना उतार चढून पाणी आणता येत नाही, हे मला कुठल्याही शास्त्राने पटवून द्यावं. तरी मीही एक मोबाइल घेतला आणि एक सासुरवाडीला दिला. रोज संध्याकाळी बोलायचो. बायको विचारायची, "काय नवीन?" मी दिवसभराच्या बातम्यांवर माझी मतं सांगायचो. ती ऐकून घ्यायची. तिला काय विचारायचं असायचं ते दोघांनाही माहीत होतं.

आणि मग खरंच योजना मंजूर झाली. पेपरात आमच्या गावाचं नाव छापून आलं, आतल्या पानावर, बारीक अक्षरांत. ते पान मी कापून खिशात ठेवलं. टेकडीवर सिमेंटची टाकी उभी राहिली. ओढ्याकाठी नवी विहीर खणली, तिच्यावर मोटारीसाठी खोली बांधली. गल्लीगल्लीत चर खणून पाइप गेले आणि आमच्या दारात, ओट्याच्या कडेला, पितळी तोटीचा नळ बसला. म्हातारा रोज तो फडक्याने पुसायचा. नळ कोरडा होता, तरी पुसायचा.

उद्घाटनाला मोठी माणसं आली. मांडव, माइक, नारळ. एका मान्यवराने देवळासमोरची तोटी फिरवली आणि पाणी आलं. स्वच्छ, जोरात. मी भाषण ऐकायला थांबलो नाही. धावत घरी आलो, आमची तोटी फिरवली. फुर्रफुर्र हवा, आणि मग पाणी. म्हातारा ओट्यावर बसला होता तो तसाच बसून राहिला.

मी टोकावड्याला फोन लावला. बायकोने उचलला.  मोबाइल नळाशी, भिजणार नाही इतक्या जवळ धरला. बराच वेळ धरला. परत कानाला लावला तेव्हा ती म्हणाली, "आपल्या दाराशी हाय?"

"आपल्या दाराशी."

ती रडत होती. मीही रडलो, लपवायचं काय. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच खरी झालेली बातमी सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, मुलीला घेऊन. दोन पिशव्या, एक ट्रंक. शाळेत दाखला काढायचं सांगून आली होती. आल्या आल्या मुलगी नळाकडे धावली आणि तोटी फिरवली. पाणी आलं नाही. मी म्हणालो, लाइट नसेल, भारनियमन आहे, संध्याकाळी येईल. संध्याकाळी आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं नाही. मुलगी येता-जाता तोटी फिरवून बघायची, आणि प्रत्येक वेळी बायको आतून मान वर करून कानोसा घ्यायची.

खरं काय ते टाकीशेजारी राहणाऱ्या बाईने सांगितलं. नव्या विहिरीला कातळ लागला होता, पाणी लागलंच नव्हतं. मोटारीला वीजजोडणीही नव्हती. उद्घाटनाच्या दिवशी भल्या पहाटे टेकडीपर्यंत टँकर आले होते आणि त्यांनी टाकी भरली होती. आयुष्यभर मागून जो टँकर आम्हाला मिळाला नाही, तो त्या दिवशी आला आणि आमच्या नळातून वाहिला. म्हाताऱ्याने त्यातलं एक भांडं देवापुढे ठेवलं होतं.

मी तालुक्याला गेलो, ओरडलो. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, तुमच्या गावची योजना पूर्ण झालेली आहे. पूर्ण झालेल्या गावाला टँकर नाही आणि दुसरी योजनाही नाही. मी म्हणालो, चला, तोटी फिरवून दाखवतो. तो म्हणाला, "पेपरात फोटो आला होता की." फोटो खरोखरच आला होता. पाणी तोटीतून पडतंय, मान्यवर हसतायत, मागे आमच्या गावच्या बायका. माणूस मरतो तेव्हा निदान त्याच्या नावाने रडता येतं. आमचा नळ मेलेला नव्हता, सरकारदरबारी तो वाहत होता. आता त्याची वाटसुद्धा पाहता येणार नव्हती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने कोनाड्यातली चुंबळ काढली, डोक्यावर ठेवली, हंडा घेतला आणि उताराकडे चालू लागली. मी मागे धावलो, हंडा हातातून काढून घेतला. तिने दिला. मग म्हणाली, "नाय वो. मी बघत व्हते, जमतंय का. नाय जमत."

दाखला शाळेतून अजून निघाला नव्हता, हे तिनेच शांतपणे सांगितलं. दोन दिवसांनी मी ट्रंक परत फाट्यापर्यंत वाहून नेली. दिवाळीला येशील का, असं मी विचारलं नाही. विचारायला काही उरलं नव्हतं. म्हातारा ओट्यावरून उठला नाही. नातीने जाताना त्याच्या पाया पडून घेतलं तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिला, इतका वेळ की शेवटी मी तो उचलला.

पाऊस झाला, लावणी मी मजूर घालून उरकली. भात निसवलं. त्याच सुमारास पेपरात पहिल्या पानावर मोठी बातमी आली: आपल्या यानाने चंद्रावर पाणी शोधून काढलं. कँटीनमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता हा काय बोलतो म्हणून. मी पेपर घडी करून पुढच्याला दिला. कुणीतरी मुद्दाम छेडलंही, "बोल की, तुझ्या गावाच्या आधी नंबर लागला चंद्राचा." मी डबा उचलला आणि कामावर परत गेलो. 

संध्याकाळी नेहमीसारखा फोन लावला. मुलीने उचलला. ती तिसरीत होती.

"बाबा, आज बाईंनी सांगितलं, चंद्रावर पानी गावलं."

"हां गो. मीबी वाचलं."

"खरंच हाय ता?"

"शास्त्रज्ञांनी शोधलंय. खरंच हाय."

 पलीकडे रहाटाचा आवाज येत होता, कुणीतरी पाणी शेंदत होतं.

"तुमच्या नळासारखं नाय ना?" तिने विचारलं.

"नाय," मी म्हणालो. "तसलं नाय ता."

मग ती बरं म्हणाली, आणि आईला न देताच तिने फोन ठेवला.